राणीचे शंभर मुकुट आणि अप्पांचं एक मत

आमच्या बंगळूरच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे नवे संपादक मूळचे पुण्याचे, राहतात व्हाइटफील्डला. त्यांचा फोन आला, "काकू, तुमच्या करिअर जर्नीवर लिहा ना काहीतरी." मी म्हटलं, "बाबा रे, माझी जर्नी म्हणजे चामराजपेटातल्या घरापासून वर्कशॉपपर्यंत. चालत सहा मिनिटं. वाटेत भाजी घेतली तर दहा. त्यावर किती लिहू?" ते हसले आणि "तरी पण काकू" म्हणाले. इथल्या जुन्या घरांत मला कुणी काकू म्हणत नाही, सगळ्यांची मी सुमित्रक्का. पण नव्या माणसांशी स्वल्प जुळवून घ्यावं लागतं.

तर लिहिते. एकतीस वर्षं मी मुकुट भरले. नाटकातले नव्हेत, देवाचेही नव्हेत. कोटाच्या खिशावर लावायचा जो बिल्ला असतो, त्यावर सोन्याच्या तारेनं उठावदार भरलेला मुकुट. आमचं वर्कशॉप असे बिल्ले हातानं करून परदेशी पाठवायचं. फौजेतून निवृत्त झालेल्यांच्या संघटना, बँडवाले, क्लबवाले, जुन्या शाळा, अशी गिऱ्हाइकं. बिल्ल्यावरची पानं, अक्षरं, पक्षी इतर बायका भरायच्या. मुकुट आला की मालक मंजण्णा हाक मारायचे, "सुमित्रक्का, निम्म तले बंतु." म्हणजे, तुमचं डोकं आलं बघा.

हे काम बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. लाकडी चौकटीवर कापड ढोलकीसारखं ताणून बसवायचं. त्या चौकटीला कारचोब म्हणतात. मुकुटाच्या आकाराचा पुठ्ठा लावायचा, त्यावर पिवळ्या दोऱ्याचा थर चढवायचा, म्हणजे काम उठून दिसतं. मग सलमा. सलमा म्हणजे सोन्याचं पाणी दिलेल्या बारीक तारेची पोकळ स्प्रिंग. तिचे तांदळाएवढे तुकडे कापायचे आणि एकेक तुकडा सुईत मण्यासारखा ओवून टाचायचा. तुकडा केसभर लांब झाला तर फुगतो, आखूड झाला तर खालचा दोरा दिसतो. एका मुकुटाला अर्धा दिवस लागतो. त्यातला निम्मा वेळ नुसता कापण्यात जातो.

आणि ह्या कामाला हात थंड लागतो. ज्यांच्या हाताला घाम येतो त्यांच्याकडून सलमा काळी पडते. आंबट आणि मीठ तर तिला अजिबात चालत नाही. माझी गुरू म्हणाली होती, "मुकुट भरायचा असेल तर लोणच्याला हात लावू नकोस." मी एकतीस वर्षं लावला नाही. आमच्या घरी लोणचं माझे वडील घालायचे. सासूबाई असेपर्यंत त्यांनी हे दुःख सगळ्या गल्लीला ऐकवलं, की आमच्या सुनेचं लोणचं तिचा बाप घालतो! चवीला मात्र दोनदा वाढून घ्यायच्या.

एकदा एक नाटककंपनीवाले आले. राजाच्या अंगरख्याच्या छातीवर मुकुट हवा होता. मी नेहमीचा करून दिला तर गृहस्थ तोंड वाकडं करून म्हणाले, "अहो अक्का, हा मधेच बसलाय. राजाचा मुकुट असा खचलेला कसा?" त्यांचं बरोबर होतं. इंग्रजांकडे गादीवर राजा असला की बिल्ल्यावरच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल, आणि राणी असली की मधे खळगा, अशी आमच्या धंद्यातली खूण होती. मी कामाला लागले तेव्हापासून राणीच होती. खळगा हाताला इतका बसला होता की गोल मुकुट मला जमेना! तीन वेळा उसवून चौथ्यांदा साधला. नाटकवाल्यांनी मला पहिल्या रांगेची दोन तिकिटं दिली. राजा अंगावर शाल घेऊन बसला होता, मुकुट शेवटपर्यंत दिसला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गोष्ट नव्व्याण्णव सालची.

आधी माझ्या वडिलांची ओळख हवी. अप्पा म्हणजे शिंपी, पंचाहत्तरी ओलांडलेले, तोंडात चार दात आणि चारही बोलण्यात तरबेज. नवरा लवकर गेल्यानं मी आणि अप्पा एकत्र राहायचो. ते माझ्याकडे की मी त्यांच्याकडे, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. आमचं घराणं कुणा मराठा सरदाराच्या फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आलं म्हणतात. म्हणजे तीनशे वर्षं आम्ही राजांचंच शिवत आलेलो. अप्पांनी ती रीत मोडली. देश स्वतंत्र झाला तरी म्हैसूर संस्थानात महाराजांचाच कारभार चालू होता. लोकांचं सरकार द्या म्हणून मोर्चे निघाले, त्यात अप्पा गेले आणि महिनाभर तुरुंगात बसले. तिथून आल्यावर राजवाड्याकडचं एकही काम त्यांनी मशीनवर घेतलं नाही. आणि त्यांची एकुलती एक मुलगी पोटासाठी काय करते? तर राणीचे मुकुट भरते!

"सुमी, आज किती राण्या बसवल्यास गादीवर?" मी घरी आले की हा प्रश्न ठरलेला. मी म्हणायची, "दोन. पगार घेऊन बसवल्यात. तुम्ही तर फुकट तुरुंगात बसलात." मग चहा.

त्या वर्षी आयुधपूजा झाली, कारचोबांना हळद-कुंकू लागलं, आणि दोनच दिवसांनी मंजण्णा हातात फॅक्सचा कागद घेऊन आमच्या खोलीत आले. चेहरा उतरलेला. ऑस्ट्रेलियाची शंभर बिल्ल्यांची ऑर्डर आमच्याकडे होती, एका गावातल्या निवृत्त सैनिकांच्या बँडसाठी. गिऱ्हाइकानं कळवलं होतं, बाकी सगळं भरा, मुकुट तेवढा थांबवा. सहा नोव्हेंबरला आमच्या देशात मतदान आहे, राणी ठेवायची की आपला राष्ट्राध्यक्ष करायचा. राणी राहिली तर मुकुट लावा, गेली तर त्या जागी पानाफुलांची नक्षी आम्ही कळवू. माल मात्र निकालापासून आठवड्याच्या आत विमानात चढला पाहिजे, बँडचा कार्यक्रम ठरलेला आहे.

आम्ही चौघी बायका होतो हातकामाला. नूरबी सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "क्या जी, रानी की नौकरी का फैसला, और छाती हमारी धडधडती?"

धडधडायला कारण होतं. मंजण्णांच्या टेबलावर सहा महिन्यांपासून कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनचं रंगीत पुस्तक पडलेलं होतं. अक्षरं, पानं, फुलं ते मशीन मिनिटांत करतं. उठावदार सोन्याचा मुकुट तेवढा त्याला जमत नाही. मंजण्णा वाईट माणूस नव्हते, त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "अक्का, मुकुट आहे म्हणून ही खोली आहे. मुकुट गेला तर मी मशीन घेणार, आणि मशीनला हीच खोली लागणार. मी तरी काय करू?" आम्हा चौघींच्या भाकरीचं मतदान समुद्रापलीकडे होणार होतं आणि आम्हाला मत नव्हतं.

आणखी एक अडचण होती. निकालानंतर सुरुवात केली तर शंभर मुकुट आठवड्यात होणंच शक्य नव्हतं. चौघी मिळून दिवसाला आठ, आणि मधे दिवाळी. म्हणजे राणी जिंकली तरी आम्ही हरणार. मी म्हटलं, "मंजण्णा, मुकुट वेगळ्या कापडावर भरून ठेवू. नंतर कापून बिल्ल्यावर टाचता येतात. वर्कशॉपमध्ये पानं-अक्षरं करू आणि मुकुट सकाळ-संध्याकाळ घरी. चौघींत पंचवीस-पंचवीस." मंजण्णांनी डोकं खाजवलं. सलमा महाग. राणी हरली तर सगळे मुकुट कचऱ्यात. शेवटी म्हणाले, "सरी. सलमा माझी, मेहनत तुमची. बुडालो तर बरोबर बुडू."

पण नूरबीला असं मुकाट्यानं काही करवत नाही. ती म्हणाली, तिकडे मतदान तर इकडेपण होऊ दे. ज्याला मुकुट राहावा वाटतो त्यानं भरतकामातली सोनेरी टिकली टाकायची, ज्याला जावा वाटतो त्यानं काळी. सुया ठेवायला मी घरून अप्पांची तपकिरीची रिकामी डबी आणली होती. तीच पेटी म्हणून फिरवली. आम्ही चौघी आणि मंजण्णा. भिंतीकडे तोंड करून एकेकानं टिकली टाकली. महिन्या-दीड महिन्यापूर्वीच आपल्याकडे निवडणूक झालेली, सगळ्यांच्या नखांवर शाईची रेघ अजून होती. डबी उघडली तर पाचही टिकल्या सोनेरी. नूरबीनं डबी कपाळाला लावली, म्हणाली, "रानी, पाँच वोट तेरे कू बेंगलूर से."

घरी जाऊन मी हौसेनं अप्पांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"पाचांत पाच?"

"पाचांत पाच."

"एकही विरोधात नाही? असलं मतदान राजेच घेतात, सुमी! आणि माझी डबी वापरलीत, मग मला का नाही विचारलं?"

"तुम्ही काळीच टाकली असतीत."

"म्हणूनच विचारायचं असतं, येडे."

मी हसण्यावारी नेलं. त्यांना विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पंचवीस मुकुट होते, दुसरं काही दिसत नव्हतं. डबी मी त्यांच्या उशाशी ठेवून दिली, आतल्या टिकल्यांसकट.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून खिडकीपाशी बसायची. आठवडाभरात फक्त सहा मुकुट झाले. कापण्यातच जीव जात होता, बोटं वळत नव्हती. मी रडकुंडीला आले होते. अप्पा समोर पेपर वाचत बसायचे आणि मला तिकडची बातमी मोठ्यानं ऐकवायचे. एकदा म्हणाले, "वा! तिथं मत दिलं नाही तर दंड होतो. आपल्याकडे लावला पाहिजे." पुढच्या दिवशी वैतागले, "राणी नको म्हणणाऱ्यांतच फूट पडली बघ. राष्ट्राध्यक्ष लोकांनी न निवडता खासदारांनी निवडायचा, म्हणून काही जण रुसून बसलेत. अरे, आमचाही राष्ट्रपती आम्ही थेट निवडत नाही. काय बिघडलं?" मी कारचोबावरून मान वर न करता म्हटलं, "रुसू देत अप्पा. आणखी चार जण रुसू देत."

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी राणीला पास कर म्हणायची. शेजारीच भिंतीवर अप्पांचा गांधीटोपीतला, तुरुंगातून सुटल्या दिवशीचा फोटो. मला त्या फोटोकडे बघायची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

आठव्या दिवशी सकाळी मी उठले तर अप्पा माझ्या जागेवर बसलेले. हात साबणानं धुऊन, खडूची पूड लावून. मांडीवर माझी छोटी कात्री आणि वाटीत सलमाचे तुकडे. मी एक तुकडा उचलून नमुन्याशी लावला. तंतोतंत. साठ वर्षं बटणाची काजं केलेला हात तो.

"अप्पा! राणीसाठी?"

"राणी गेली खड्ड्यात. तुझ्यासाठी कापतोय. आणि लोणच्याची बरणी आता दिवाळीनंतर उघडायची, सांगून ठेवतो."

असं आमचं सुरू झालं. अप्पा कापणार, मी टाचणार. कापताना तोंड चालूच. "ह्या तुकड्याला एक लाठी, ह्या तुकड्याला एक लाठी," असं म्हणत कचाकचा कापायचे. महाराजांच्या राज्यात लोकांनी नुसतं 'आम्हाला विचारा' म्हटलं तर काय मिळालं, आणि ह्या राणीच्या राज्यात लोकांना कागद देऊन विचारतायत, राणी राहू दे की जाऊ दे, ह्याचं त्यांना भारी अप्रूप होतं. म्हणायचे, "विचारलं ना, तिथंच अर्धं जिंकलो."

"आणि उत्तर आलं की राहा, तर?"

त्यावर अप्पा कात्रीची धार बघत बसले.

मतदानाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, माझा पंचविसावा मुकुट संपला. सगळे कापून, पुठ्ठ्यावर पाच-पाचच्या पाच रांगांत टाचणीनं लावले आणि पुठ्ठा कपाटात ठेवला. शनिवारी दिवाळीची गडबड होती. मी तेल, उटणं, फुलं आणायला मार्केटात गेले. तिकडे लोक रांगा लावून मत देत असतील, हा विचार डोक्यातून जाईना. फुलवालीनं दिलेली मोड तिथंच विसरून आले.

घड्याळ तिकडचं पुढे, त्यामुळे आपल्याकडे दिवसाउजेडीच निकाल लागला. चारच्या सुमारास दारात मंजण्णांची स्कूटर वाजली. हातात म्हैसूरपाकाचा पुडा, चपला न काढताच ओरडले, "अक्का! राणी उळिदळु! राहिली! राहिली!"

मी काय केलं? मी त्या उंबऱ्यात बसून ढसाढसा रडले. लांबच्या देशातली एक बाई, तिला मी आयुष्यात पाहिलेली नाही, तिची गादी वाचली म्हणून रडले. आमची खोली राहिली होती. नूरबीची, बाकी दोघींची, माझी. अप्पा आपल्या खुर्चीत बसून होते. त्यांनी म्हैसूरपाकाचा तुकडा घेतला आणि तोंडात धरून नुसताच विरघळू दिला. त्यांना लागलं होतं, मला दिसत होतं.

"मुकुट दाखवा बघू," मंजण्णा म्हणाले. बाकी तिघींचे त्यांनी येताना बघितले होते, पंचाहत्तर पुरे. मी मोठ्या दिमाखात कपाट उघडून पुठ्ठा काढला. मंजण्णांनी बोटानं रांगा मोजल्या. पाच, पाच, पाच, पाच.

"चार. ओंदु कम्मी, अक्का."

मी पुन्हा मोजलं. चोवीस! शेवटच्या रांगेत नुसती टाचणी. काल रात्री पंचवीस होते, मी माझ्या हातानं लावले होते. कपाट उपसलं, साड्या झटकल्या, कारचोबाखाली वाकून बघितलं. मंजण्णा म्हणाले, उंदरानं तर नेला नसेल? वाटणी करताना सगळ्यांच्या देखत मी म्हटलं होतं, माझा एकही चुकणार नाही.

"शोधू नकोस, सुमी," मागून आवाज आला.

अप्पांनी खिशातून तपकिरीची डबी काढून माझ्या हातात दिली. मी उघडली. आत सोनेरी सलमाचे तुकडे, एकेक सोडवलेले, न वाकवता, न मोडता. तुकड्यांखाली मुकुटाच्या आत लावतात तो मखमलीचा बारीकसा लाल तुकडा, दुमडलेला. आमच्या त्या पाच सोनेरी टिकल्या. आणि सगळ्यांत वर एक काळी टिकली.

"आज सकाळी तू मार्केटात गेलीस तेव्हा उसवला," अप्पा म्हणाले. "निकालाच्या आधी, बरं का. नंतर नाही. पाचांनी पाच मतं टाकलीत, मला कुणी विचारलं नाही. मग मी माझं टाकलं. शंभरात एक तरी विरोधात हवं की नको, मंजण्णा?"

महाग सलमा! मंजण्णा एकदा डबीकडे बघायचे, एकदा अप्पांकडे. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते जे हसत सुटले, की भिंतीला टेकून खालीच बसले. माझा मात्र पारा चढला होता. मी म्हटलं, "अप्पा, अर्धा दिवस लागतो एका मुकुटाला! आणि उसवलेली सलमा पुन्हा टाचता येत नाही. उद्या पहाटे अभ्यंगस्नान, परवा माल टाचायला घ्यायचा. आता हा शंभरावा कोण करणार?"

अप्पा उठले. मोरीत जाऊन त्यांनी साबणानं हात धुतले, नीट पुसले, खडूची पूड लावली. मग खिडकीपाशी येऊन मांडी घालून बसले आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"माझं मत हरलं," ते म्हणाले. "निकाल मान्य आहे. आण ती कात्री, सलमा कापतो."